चिमणीचं प्रात्यक्षिक

वाचनाच्या चाचणीसाठी बोलावलेलं मूल आलंच नाही. तापानं फणफणलंय, असा निरोप तिला ऐन मुलाखतीच्या खोलीत मिळाला. शाळेत मानसतज्ज्ञाची जागा एकच, आणि बाकीचे उमेदवार आपलं प्रात्यक्षिक कालच दाखवून गेले होते.

शिक्षण संपल्यापासून तिनं काय काय नाही केलं! कंपनीत नोकरभरतीच्या मुलाखती घेतल्या, क्लासमध्ये 'अभ्यास कसा करावा' यावर घसा कोरडा केला, एका दवाखान्यात अर्धवेळ बसली. "पोरांची मनं ओळखायची पदवी, आणि पोरं सोडून सगळं करतेस," नवरा चेष्टेत म्हणायचा. ती हसायची, पण जिव्हारी लागायचं. ही जागा हुकली तर मुकाट्यानं कंपनीत जायचं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"माझी मुलगी बाहेर बसलीय," ती एकदम बोलून गेली. "घरी मी तिच्यावरच सराव करते. वाचता न येणाऱ्या मुलीचं सोंग ती झकास वठवते."

मुख्याध्यापकांनी निवृत्त होणाऱ्या मानसतज्ज्ञ बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

तिसरीतली चिमणी आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली. पुस्तकात 'कपाट' होतं, तिनं 'कपडे' वाचलं. बोट घसरलं, ओळ सुटली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आई एकेक चूक टिपत, धीर देत पुढे सरकत होती.

"बघा, पहिली अक्षरं पाहून उरलेला शब्द मनानं ठोकून देते," ती परीक्षकांना म्हणाली. "अशी मुलं मुळात हुशार असतात. धडा ऐकून पाठ करतात आणि वेळ मारून नेतात. घरच्यांना पत्ताही लागत नाही."

"वा! पोरगी नटीच आहे की!" मुख्याध्यापक खूश झाले. "माझ्यापुरती जागा तुमचीच."

देवा, मिळाली एकदाची! तिला आनंदानं रडूच यायला लागलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक नवंकोरं पुस्तक काढलं, बिनचित्रांचं. "बाळ, सोंग पुरे आता. हे नीट वाचून दाखव."

"घरी घडाघडा वाचते हो," आई कौतुकानं म्हणाली. "पुस्तकाकडे न बघतासुद्धा!"

चिमणीनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"अगं चिमणे, वाच ना! आता नाटक नाही करायचं."

चिमणीनं मान वर केली नाही.

"नाटक तर मी रोज धडा वाचताना करते, आई. हे खरं आहे."