हौसेची पायपीट

कापसाला सोन्याचा भाव आला आणि हिवरखेडच्या नागोराव पाटलांनी साहेबांसारखं हौसेनं पायी चिखलदऱ्याला जायचं मनावर घेतलं. अकोल्यात जुन्या शहरातल्या कुर्बानच्या दुकानात साहेबलोकांची जुनी पुस्तकं, नकाशे मिळत. वाटेची माहिती देणारी पुस्तकं पाटलांनी परत केली. ती लांबून दिसत नव्हती.

"सगळ्यात मोठा नकाशा दे."

"रस्ता मालूम नाही का, पाटील?"

"रस्ता पाठ हाय. पन पायी दिसलो तं लोक म्हनतीन, बैल इकले. हाती नकाशा असला म्हंजे हौस दिसते."

अंजनगावच्या वाटेवर मागून आलेली बैलगाडी थांबली. गाडीवानानं आधी पाटलांचे धुळीनं माखलेले जोडे पाहिले, मग हातातला नकाशा.

"खरेदीखताचा एवढा मोठा कागद? सारंच वावर इकलं का जी?" तो हळूच म्हणाला, आणि सरकून त्यानं गाडीत जागा करून दिली.