मटकीचे चार दाणे

"मटकी निर्जीव. कारण ती हलत नाही, खात नाही, वाढत नाही." आठवडाभर मी शाल्मलीकडून हेच घोकून घेत होते. बालवर्गात ती सहा महिन्यांत एक अक्षर बोलली नव्हती, आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर वही दाखवून बोलायचं होतं. निर्जीवांच्या पानावर मीच बटण, खडू आणि मटकीचे चार दाणे डिंकाने चिकटवून दिले होते.

गुरुवारी उसळीसाठी फडक्यात बांधलेली मटकी सोडली. शाल्मली ओट्यापाशी स्टुलावर उभी होती.

"आई, हिला शेपूट आलंय!"

"मोड आलाय, बाळा."

"म्हणजे वाढली ना ही? तू तर नाही म्हणाली होतीस."

बीएस्सीला माझं वनस्पतिशास्त्र होतं.

"मग वहीतल्यांना पाणी कोण देणार?" असं म्हणत तिने चारही दाणे नखाने खरवडून काढले आणि वाटीत भिजत घातले. पानाला चार भोकं पडली. मी कपाळाला हात लावला.

शुक्रवारी मी वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. बाईंनी वही उघडली. "शाल्मली, इथे काय होतं गं?"

मी श्वास रोखला.

"मटकी होती, बाई. ती जिवंत निघाली, म्हणून घरी पाण्यात ठेवलीय. अजून शेपूट नाही आलं, पण येईल." मग म्हणाली, "आईला माहीतच नव्हतं."

बाईंनी खिडकीकडे बघितलं. नव्हतं माहीत, असं सांगायला मी जोरजोरात मान हलवली.