टेबलाखालून उत्तरं

मला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यात आप्पांनी लर्निंग लायसन्सचा फॉर्म भरला. परीक्षा घरीच, लॅपटॉपवर होती. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं की परीक्षा रद्द, म्हणून आप्पा टेबलाखाली दडले. मी प्रश्न वाचायचा, त्यांनी खालून उत्तर सांगायचं. मला सगळं येत होतं, पण ऐकतील ते आप्पा कसले!

"वीस वर्षं टेम्पो चालवतोय म्या. तू गप वाच."

दहा प्रश्नांत ते एकदाही अडले नाहीत. रस्त्याचं सगळं त्यांना पाठ. तरी शिरूरहून पुण्याला जाताना कारेगावचा सरळ हायवे सोडून पाबळवरून वळसा का घालतात, ते मला कधी कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "ट्रॅफिक असतंय."

अकरावा प्रश्न मी वाचला. "तुमच्या गाडीची धडक बसून कोणी जखमी झाल्यास प्रथम काय कराल?"

प्रत्येक प्रश्नाला मिळणाऱ्या तीस सेकंदांतले वीस संपले.

"आप्पा, सांगा की."

पाच उरले तशी मीच 'दवाखान्यात नेईन' दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली.

"बरोबर आलं, आप्पा."

"कारेगावात त्यो हात हालवत हुता, पोरी," आप्पा खालून म्हणाले. "म्या आरशात बघितलं."