ठिपकीचं औषधपाणी

ओतिलियाने ठिपकीला तांबडीच्या चोचीखालून ओढून काढलं, तेव्हा तिच्या पाठीवरची तळहाताएवढी जागा सोललेली होती आणि मानेवरून रक्त ओघळत होतं. बाकीच्या कोंबड्या माना उंचावून जवळ सरकल्या.

"हुश! व्हा पलीकडे! तमाशा लागलाय का?"

कोंबडी फडक्यात गुंडाळून तिने स्वयंपाकघरात आणली. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली, तुटकी पिसं कातरली आणि फळीवरची जांभळ्या औषधाची बाटली काढली. बाटली अर्ध्याहून रिकामी होती. तिच्या कोंबड्यांना तर आजवर साधं खरचटलंही नव्हतं.

शेजारची फिदेलिना दारात येऊन उभी राहिली.

"लाल दिसलं की टोचतात मेल्या," ओतिलिया म्हणाली. "म्हणून रक्त आधी झाकायचं."

"हात किती सफाईचा गं तुझा!"

"सवय."

आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. सातुर्निनो, तिचा नवरा, ताप छातीत उतरल्यापासून खाटेला खिळला होता. शहरातल्या डॉक्टरने सुई टोचली, दोन बाटल्या दिल्या आणि आता सगळं देवाच्या हाती असं सांगून तो मोकळा झाला.

फिदेलिनाने आवाज खाली आणला. "ऐक माझं. ही कोंबडी उगाच पडली नाही. घरात वाढलेलं जनावर धन्याचं मरण स्वतःवर घेतं. माझ्या मामाच्या दुखण्यात पोपट मेला, आणि दुसऱ्या दिवशी मामा उठून कॉफी मागायला लागला. हिला जाऊ दे. तू मध्ये पडून हिला वाचवलंस, तर आलेलं मरण हात हलवत परत नाही जायचं. सरळ त्या खाटेवर जाऊन बसेल."

"मग कापून टाकू?"

"छे! कापलेली चालत नाही. आपणहून गेली पाहिजे. तू फक्त अंगणात सोड. तांबडी करेल काय ते."

ओतिलिया कोरफडीचं पान चिरत होती. "कोंबडीचं मरण कोंबडीला, माणसाचं माणसाला," ती म्हणाली. "मी नाही मानत असलं काही."

दुपारपर्यंत गावभर झालं. कोकोच्या बागेतून परतणाऱ्या बाया कुंपणाशी थबकून टोमणे मारू लागल्या. "नवऱ्यापेक्षा कोंबडी प्यारी!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "पोटी लेकरू नाही ना, मग माया करायची कुणावर?"

हे दुसरं तिला फार लागलं. एकदा तिला दिवस गेले होते. मग ती पायरीवरून पडली. घराला पायरी एकच, तीही वीतभर, पण त्यावर गावातलं कुणी काही बोललं नव्हतं.

"ओतिलिया!" आतून हाक आली. "फिदेलिना काय म्हणाली ते ऐकलंय मी. सोड तिला अंगणात!"

"आधी औषध घ्या."

त्याने तिचं मनगट धरलं. पकड ढिली होती; तिने हात सहज सोडवून घेतला.

"उठलो ना मी, की बघतो तुला."

"उठा तर आधी," ती म्हणाली आणि चमचा त्याच्या ओठांना लावला. उशी उंच केली, घाम पुसला. औषधाची वेळ तिने एकदाही चुकवली नव्हती; तिला नावं ठेवणाऱ्या बायांनाही ते कबूल होतं.

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून अंगणापर्यंत तिच्या नुसत्या येरझारा चालल्या होत्या. ठिपकीला तिने कोपऱ्यात डालग्याखाली ठेवलं होतं, वर पोतं टाकून. चैन पडेना तेव्हा तिने खुराड्यात पाल्याची जुडी टांगली, म्हणजे रिकामटेकड्या चोचींना उद्योग मिळेल. मक्याचे दाणे एका जागी न ओतता अंगणभर उधळले. मग तांबडीला पकडून तिच्या पायाला दोरी बांधली आणि तिला लांब आंब्याखाली नेऊन ठेवलं.

"कापून टाक की सटवीला," फिदेलिना म्हणाली.

"हात कशाला रंगवू? टोचणारी एकच असते, बाकीच्या तिचं बघून करतात. ती बाहेर गेली की खुराडं आपोआप शांत होतं."

तिन्हीसांजेला ठिपकीने मान टाकली. डोळ्यांवर पांढरा पडदा चढला, चोच उघडी राहिली. ओतिलियाने साखरेचं पाणी बोटाने थेंब थेंब तिच्या चोचीत सोडलं. मग ती आल्ताग्रासिया मातेच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हमसाहमशी रडली. "आई, एवढं माझं ऐक. आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे."

वरणाची वाटी घेऊन आलेली फिदेलिना ते पाहून दारातच थांबली. तिचेही डोळे भरून आले. पोरगी वरून कितीही कडक बोलो, शेवटी नवरा तो नवरा, असं मनाशी म्हणत तिनेही क्रूस केला आणि सातुर्निनोसाठी दोन शब्द पुटपुटली.

सकाळी फिदेलिना कॉफी घेऊन आली, तेव्हा डालगं बाजूला सारलेलं होतं. ठिपकी दोन पायांवर उभी होती, जांभळ्या पाठीची, अर्धी बोडकी. ती डुलली, सावरली आणि तिने जमिनीवरचा मक्याचा एक दाणा टिपला. मग दुसरा.

ओतिलिया भिंतीला टेकून खाली बसली. किती तरी दिवसांनी तिने पोटभर श्वास घेतला.

"वाचवलीस गं बाई," फिदेलिना घाबऱ्या आवाजात म्हणाली. "आता त्याचं कसं व्हायचं?"

आत सातुर्निनो खोकला. त्याने पाणी मागितलं.

"आणते," ओतिलियाने आवाज दिला. ती उठली, पेला भरून घेतला आणि जाता जाता वळून म्हणाली, "फिदेलिना, काळी बटणं असतील का गं तुझ्याकडे? माझ्या सुतकाच्या झग्याची दोन तुटलीयत."