फळ्या वाळेपर्यंत

फळी अर्धी कापून झाली आणि विजेच्या करवतीचा आवाज चिरका झाला. ताईने आणखी जोर लावला. ओल्या लाकडात पातं घट्ट अडकलं, जळका वास आला आणि करवत उसळी मारून तिच्या मांडीकडे आली. ताई मागे कोलमडली. थोडक्यात वाचली.

आवाज एकदम बंद पडला. पलीकडच्या दारातून धावत आलेल्या धाकट्या भावाने आधी भिंतीवरचा प्लग उपसला होता.

आई गेल्यावर घराचे दोन भाग झाले. अर्ध्यात ताई, अर्ध्यात भाऊ आणि भावजय. अंगण मात्र एकच. त्याची मोटरसायकल तिच्या पायरीला चिकटून उभी राहायची, तिचं धुणं त्याच्या दारात ठिबकायचं. शब्दाने शब्द वाढला, मग शब्दच बंद झाले. शेवटी ताईने वखारीतून औषध मारलेल्या, वाळवी न लागणाऱ्या फळ्या आणल्या. मधोमध पुरुषभर उंचीचं कुंपण घालायचं आणि विषय संपवायचा. सुतार नको, तो चार घरी सांगत सुटतो.

"लागलं का?" भावाने विचारलं.

"नाही."

कित्येक महिन्यांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं.

भाऊ लाकडी खोकी बनवण्याच्या कारखान्यात होता. त्याने पाचर ठोकून पातं सोडवलं. "फळीखाली टेकूला ठेवलेल्या या दोन लाकडी घोड्यांच्या मधोमध कापत होतीस. फळी वाकते, काप मिटतो, पातं धरलं जातं. कापायचं टोक घोडीच्या बाहेर काढ, तुकडा सुटून पडू दे. आणि पात्याच्या मागे उभी राहू नकोस, बाजूला राहा." मग घरातून त्याने चष्मा आणि मास्क आणून दिला. "या भुशात औषध असतं. नाकात जायला नको."

ताईने निमूट मास्क बांधला. कुंपण कुणाला दूर ठेवायला चाललंय, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तो मन लावून शिकवत होता.

त्याने फळी दाबून पाहिली. बोट ओलं झालं. "या आत्ता ठोकल्यास तर वाळून आखडतील. बोटबोटभर फटी पडतील."

"मग?"

"मग माझं घर दिसत राहील तुला."

ताईला हसू आलं. ते मास्कमध्येच राहिलं.

दोघांनी मिळून फळ्या अंगणातल्या छपराखाली रचल्या, वारा खेळावा म्हणून थराथरात पट्ट्या घालून. वाळल्या की कापायच्या, असं ठरलं. वाळल्या का ते बघायला ताई रोज सकाळी बाहेर येई. भाऊही येई. पुढे भावजय चहा तिथेच आणू लागली. ढीग बसायला बरा होता.

दुसरा उन्हाळा सरत आला. फळ्या केव्हाच खडखडीत झाल्या होत्या. एका सकाळी शेजारीण दारात थांबली. "त्या कुंपणाचं काय झालं हो?"

भावाने ताईकडे पाहिलं. ताईने बसल्या जागी फळीवरून तळवा फिरवला.

"ओल आहे अजून," ती म्हणाली.