देवदाराची जागा

खुणेची खुंटी उपटून अबू वाइलने ती पुन्हा अंगणाच्या मधोमध ठोकली. शेजारी कुंडीत कमरेइतकं उंच देवदाराचं रोप वाट बघत होतं.

"मधोमध नको म्हटलं ना!" त्याची बायको उम्म वाइल स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. "तिथे माझ्या वाइलचं घर व्हायचंय. झाड कुंपणाला लावा."

"कुंपणाला? अगं, देवदार आहे हा, डाळिंब नाही. हातपाय पसरायला त्याला सगळं अंगण लागेल. आणि मुळं बघ, कुंडीतल्या कुंडीत गरगरायला लागलीत. आता नाही लावलं तर गेलंच समज."

"जाऊ दे मग! नातवंडांच्या डोक्यावर लावता का?"

तो कुंपणापाशी गेला, परत आला. खुंटी थोडी सरकवली, पुन्हा होती तिथेच ठोकली. कपाळ पुसत पुन्हा कुंपणाकडे निघाला. शेवटी तिलाच राहवेना. ओले हात झग्याला पुसत ती बाहेर आली आणि तिने सरळ मुलाला मॉन्ट्रियलला फोन लावला.

"वाइल, आता तूच सांग तुझ्या बाबांना. तुझं घर कुठे बांधायचं नि हे झाड कुठे लावायचं."

पलीकडे मुलांचा गलका चालला होता. वाइल हसला.

"आई, लावा की कुठेही! काय फरक पडतो? ठेवतो गं, पोरांना शाळेत सोडायचंय."

फोन हातात धरून ती तशीच उभी राहिली. अबू वाइलने गुपचूप खुंटी उपटली आणि कुंपणाच्या कडेला नेली.

"इथेही येईल तसं," तो म्हणाला. "जरा वाकडं वाढेल, एवढंच."

"वाकडं कशाला?" तिने कुदळ उचलली आणि मधोमध पहिला घाव घातला. "या इकडे. खणा."

दोघांनी खड्डा खणला. त्याने वेटाळलेली मुळं बोटांनी मोकळी केली, रोप सरळ धरलं. तिने माती लोटली, पायाने दाबली. मग झाडाकडे बघत ती मागे मागे सरकू लागली.

"फांद्या इथवर येतील?"

"आणखी मागे."

"इथवर?"

"आणखी."

तिची पाठ त्यांच्याच घराच्या दाराला टेकली, तेव्हा तो म्हणाला, "हं. तिथवर."