तीन फूट माया

बांधकामाचा परवाना आला तेव्हा शांताक्का साहेबांसाठी ठेवणीतले कप घासत होती.

"आज्जी, परमिशन आलं!" नात पूजिता फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "आत्ताच अप्लाय केले, आत्ताच आलं."

शांताक्कानं हात पुसले. "आणि साहेब? माप घ्यायला केव्हा येतात?"

"साहेब येत नाहीत आता. राज्याचा नवीन कायदा आहे. लहान घराला आपण लिहून दिलेलंच पालिका खरं धरते. बाजूला तीन फूट सोडतो म्हणून तू सही केलीस की नाही? झालं, मुगीतु."

शांताक्का खुर्चीत बसलीच. सगळा जन्म लोकांचे कपडे बेतण्यात गेलेल्या बाईला कायदा चटकन कळला होता: कापडाच्या कडेला सोडतात तशी घराच्या कडेलाही माया सोडायची. पण आपला शब्द कुणी खरा धरेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पेन्शनसाठी ती जिवंत आहे हेसुद्धा दर वर्षी दुसऱ्याच कुणाला तरी सही करून सांगावं लागे. आणि आज एवढं मोठं सरकार तिच्या एका सहीवर निश्चिंत झालं होतं. 

मग शिलाई मशीनवरचा टेप गळ्यात अडकवून ती परसात गेली.

तिथं पूजिताची खोली उठत होती. परवान्याची वाट बघत बसेल तो त्यांच्या मेटगळ्ळी वस्तीतला माणूस कसला! भिंत गुडघ्यापर्यंत आली होती. शांताक्कानं भिंतीपासून कुंपणापर्यंत टेप लावला. पुन्हा लावला. एकतीस इंच. माया पाच इंच कमी.

"भुवन," ती गवंड्याला म्हणाली, "ही भिंत काढ. पाच इंच आत घे."

"बिडि आज्जी, सोड ते!" पूजिता रडकुंडीला आली. "आत घेतलं तर माझी कॉट बसत नाही. कोणसुद्धा बघायला येत नाहीत म्हणून सांगितले की तुला!"

भुवन थापी हातात धरून बघतच राहिला. "कुठल्या साहेबांनी सांगितलं, अम्मा?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

शांताक्का नातीकडे वळली.

"साहेब येणार असते तर त्यांची नजर चुकवले असते की ग मी. आता कुणाची चुकवू?"